पाय दाखव

सबनीसबाईंनी मला कधीही "कशी आहेस?" असं विचारलं नाही. घरात शिरल्या की चष्मा नाकावर नीट बसवायच्या आणि म्हणायच्या, "पाय दाखव." मी सहा वर्षांची होते तेव्हाही हेच, आणि डिझाइन शिकायला बाहेरगावी गेले, सुट्टीत घरी आले, तेव्हाही हेच. टाच दाबायची, नखं बघायची, घोट्यापाशी अंगठा रुतवून खड्डा पडतो का पाहायचं आणि मग निकाल. "जागरणं करतेस. पाणी पीत नाहीस. आणि हे बूट आधी फेकून दे." आई हसायची, "अहो बाई, तोंड तरी बघा पोरीचं!" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "तोंडाचं काय, सासूसमोरसुद्धा हसरं ठेवता येतं. पायांना नाही जमत ते."

बाई मूळच्या भुसावळच्या. लग्न होऊन झाशीला आल्या, कारण नवरा रेल्वेच्या कारखान्यात, माझ्या बाबांच्याच विभागात होता. तो लवकर गेला. बाई आरोग्य खात्यात नर्स होत्या आणि टहरौलीच्या पलीकडची खेडी त्यांच्याकडे होती. लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या दोन खोल्यांतून पहाटे निघायच्या, रोडवेजच्या बसमधून, जीपमधून, कधी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तिकडे पोचायच्या. घरात त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं होतं. आमचं झाशीतलं मराठी म्हणजे अर्धं हिंदीच. बाई मात्र अजून न्हाणी म्हणायच्या, फडताळ म्हणायच्या. बाजारात हिंदी, खेड्यात बुंदेली, आणि इंग्रजी फक्त केसपेपरवरचं. खेड्यात त्यांना सगळे बैनजी म्हणायचे.

या बाईंच्या नावापुढे एका अहवालात "भाषांतर भरवशाचं नाही" असा शेरा बसला. तो खोटा आहे हे मला माहीत होतं. मी ते बोलले नाही. मला आता सरळ सांगून टाकायचंय, कारण हे पोटात ठेवून माझी झोप गेली आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होते. वाढत्या उन्हाळ्याशी गावांनी कसं जुळवून घ्यायचं यावर एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा त्या मे महिन्यात झाशीत भरली. चार देशांतले विद्यार्थी, तीन आठवडे, आणि प्रमुख प्रोफेसर ॲना, डेन्मार्कच्या. बाकीचे सगळे छावणीजवळच्या एका गेस्टहाऊसमध्ये राहायचे. मी गावातलीच, म्हणून रेल्वे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये. रोज पहाटे बस मला कॉलनीच्या गेटवर घ्यायची, बाईंना तालाच्या कोपऱ्यावर, आणि टहरौलीच्या रस्त्याने पावणेदोन तास धावायची. दुभाषी म्हणून बाईंचं नाव मीच सुचवलं होतं. ज्या गटाचं काम निवडलं जाईल तो गट पुढच्या कार्यशाळेला केनियाला जाणार होता, आणि सोबत एक स्थानिक माणूस. तो माणूस म्हणजे बाईच, हे ॲनाने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. बाई कधी विमानात बसल्या नव्हत्या. "या वयात कुठे गं मी," असं म्हणत म्हणत त्यांनी पासपोर्टचा फॉर्म भरायला घेतला. फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणून अंबाडा तीनदा बांधला आणि तीनदा मला व्हिडिओ कॉल करून दाखवला.

त्यांची भाषांतराची एक पद्धत होती. ॲना म्हणाली, "त्यांना विचारा, त्या स्वतःच्या लवचीकतेची कल्पना कशी करतात?" बाईंनी मान हलवली आणि बायकांना विचारलं, "पंप में पानी कब तक रहता है?" बायका दहा मिनिटं बोलल्या. ॲना भराभरा लिहीत गेली, खूश झाली. मी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, तुम्ही भलतंच विचारलंत." त्या म्हणाल्या, "तिचा प्रश्न चांगलाय गं. पण तो विचारायला समोरचीच्या घरात आधी दोन घागरी भरलेल्या लागतात." आणि आमच्यातल्या एका परदेशी मुलाला, जिचं तान्हं बाळ गेल्या उन्हाळ्यात गेलं होतं अशा एका सुनेला, "त्या वेळी काय वाटलं" असं विचारायचं होतं. बाईंनी हात आडवा धरला. "हे मी नाही विचारणार. भाषा शीक, चार वर्षं इथे राहा, मग तूच विचार." हे वाक्य मात्र त्यांनी त्याला इंग्रजीतून, शब्द शोधून शोधून, पूर्ण ऐकवलं.

एक खोड होती. कधीकधी बाई प्रश्न पुढे नेतच नसत. स्वतःच उत्तर द्यायच्या. "विचारायचं काय त्यात? मला हे गाव पाठ आहे." मला ते ऐकून भारी वाटायचं. आमच्या झाशीच्या मराठी बाई परदेशी प्रोफेसरांना गाव समजावून सांगतायत! कॉलर ताठ व्हायची माझी.

पहिल्या दिवशी बस शाळेपाशी थांबली. तिथून पंपाकडे जायच्या वाटेवर एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली दगडी चबुतरा. तिथे गावातले वडीलधारे पुरुष बसलेले होते, मधोमध गावातले सर्वांत मानाचे बड़े दाऊ, पांढऱ्या मिशा, हातात तंबाखूची डबी. बाई चालता चालता वाकल्या, पायातल्या चपला काढून डाव्या हातात घेतल्या, डोईवर पदर ओढला, चबुतऱ्यासमोरून तशाच अनवाणी गेल्या आणि पलीकडे गेल्यावर चपला परत पायात घातल्या. मी बघतच राहिले.

"हे काय बाई?"

"इथे बायका दाऊंसमोरून चपला घालून जात नाहीत."

"पण तुम्ही सरकारी नर्स!"

"म्हणूनच. चपला हातात घेतल्या म्हणून मला दारं उघडली इथे. नाही तर पहिल्याच महिन्यात बदली मागून पळाले असते."

"चूक आहे हे."

"आहेच चूक. तुझ्याकडे याहून जवळचा रस्ता असला तर सांग, मी येते." बाई तशा चिडत नसत, त्या दिवशी मात्र आवाज चढला. ॲनाने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, देवळात जाताना चपला काढतो ना, तसंच काहीतरी. आम्हा पाहुण्यांना तो नियम नव्हता, त्यामुळे विषय तिथेच संपला.

आमच्या कार्यशाळेचाही एक नियम होता. साडेअकरानंतर कोणी उन्हात थांबायचं नाही, सगळ्यांनी बसमध्ये बसायचं. विद्यार्थ्यांच्या तब्येतीसाठी होता तो, आणि बरोबरच होता. पण पहिल्या आठवड्यात एक दिवस बस बिघडली आणि आम्ही दोन वाजेपर्यंत शाळेत अडकलो. बाई त्या दिवशी पासपोर्टच्या कामाला रजेवर होत्या. एक वाजता मी खिडकीतून बघितलं तर तीन सुना डोक्यावर घागरी घेऊन पंपावरून येत होत्या. बाहेर नुसता जाळ होता, कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी फोटो काढला. मधली संगीता होती, वीस-एकवीस वर्षांची, तेव्हा सातवा महिना संपत आलेला. तो फोटो बघून ॲनाचे डोळे भरून आले. "भर दुपारी, या अवस्थेत," ती म्हणाली, "हाच आपला प्रश्न."

दुसऱ्या दिवशी ॲनाने बायकांच्या घोळक्यात विचारलं, पाण्याला दुपारीच का जाता? बायका एकमेकींकडे बघून पदराआड हसल्या. बाईंनी त्यांना विचारलंच नाही. म्हणाल्या, "सकाळी स्वैपाक, मग गुरं, मग पोरं. सवड होते ती दुपारीच." आम्ही ते लिहून घेतलं.

आणि मी मांडव डिझाइन केला. चबुतऱ्यापासून वाटेवर पसरलेला, बांबूचा सांगाडा, वर तरटाचे दोन थर, बाजूंना खसचे पडदे. आई त्यांना अजून वाळ्याचे पडदे म्हणते. पंपाच्या टाकीतलं सांडपाणी बारीक नळीने पडद्यांवर ठिबकायचं. बायकांनी घागर टेकवून दोन मिनिटं बसावं म्हणून चबुतऱ्याला लागून बाकं. दाऊंनी जागेला लगेच होकार दिला. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी वाजायला हवं होतं. नाही वाजलं. मांडव उभा राहिला आणि आत खरंच गार झालं, इतकं गार की पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचा गट निवडला जाणार हे जवळपास पक्कं झालं.

पाच दिवस चाचणी होती. दाऊ आणि मंडळी सकाळी आठला येऊन बसायची, पत्ते मांडायची. "पहले तो बारा बजे भागना पड़ता था," दाऊ मिशीला हात लावत म्हणाले, "अब चार बजे तक बैठत हैं." ॲनाला मी भाषांतर करून सांगितलं, ती खूश. बायकांपैकी मात्र एकही आत बसली नाही. मी वहीत लिहिलं, महिलांमध्ये जागृती करणे आवश्यक. आज ती ओळ वाचली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मांडवाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी बाई मला घेऊन संगीताच्या अंगणात गेल्या. आठवा महिना चालू होता तिचा. सासू सूप घेऊन बसली होती. बाईंनी चष्मा बसवला. "बिन्नू, पाँव दिखा." संगीताने पाय साडीत ओढून घेतले. बाईंनी काही न बोलता तिच्यासमोर बैठक मारली आणि एकेक पाय मांडीवर घेतला. तळवे सोललेले होते. काही फोड फुटलेले, काही नवे, माती लागून काळे पडलेले.

सासू घाईने म्हणाली, "अंगार पै पाँव पड़ गओ, बैनजी." निखाऱ्यावर पाय पडला म्हणे.

बाईंनी फक्त "हओ", म्हणजे बरं, असं म्हटलं, पायाला औषध लावलं, पट्टी बांधली. परत येताना वाटेत चबुतऱ्यासमोर आल्यावर चपला हातात घेतल्या, पलीकडे गेल्यावर घातल्या आणि मग थांबल्या. "दोन्ही पायांनी एकदम निखाऱ्यावर कोण उभं राहतं गं?" परतीच्या बसमध्ये बाई डोळे मिटून बसल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या.

उद्घाटनाच्या सकाळी मी माझा बोर्ड घेऊन बसमध्ये चढले. सिपरी बाजारातून छापून घेतलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दिल्लीहून परीक्षक येणार होते, गाव जमणार होतं, दाऊंच्या हस्ते नारळ. टहरौली यायला तास होता तेव्हा बाई म्हणाल्या, "दाखव तरी काय केलंयस." मी मोठ्या हौसेने कागद सोडला. अगदी मधोमध तो फोटो चिकटवला होता, हातभर मोठा, त्याच्या खाली जाड अक्षरात 'समस्या'. बाईंनी हा फोटो अजून बघितलेला नव्हता.

बाईंनी अक्षरं वाचलीच नाहीत. त्यांची नजर फोटोच्या तळाशी गेली.

"हा कधी काढलास?"

"तुम्ही पासपोर्टला गेला होतात ना, त्या दिवशी."

"किती वाजता?"

"एक."

"हा दाऊंचा चबुतरा ना? दाऊ कुठायत?"

"अहो, मांडव नव्हता तेव्हा. दगड तापतो, बारा ते चार तिथे कोणी नसायचंच..." मी बोलता बोलता थांबले.

"पायात बघ त्यांच्या," बाई म्हणाल्या.

तिघींच्या पायांत चपला होत्या. डोईवर पदर नव्हता, तिघींचेही खांद्यावर पडलेले. आणि संगीता तोंड उघडून, मान मागे टाकून हसत होती. दोन आठवडे हा फोटो माझ्या लॅपटॉपवर होता. दिवसातून दहा वेळा बघत होते मी तो.

"हसतायत गं ह्या, डिझायनर," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दिवसातले चार तास उन्हाने दाऊंना घरी बसवलं होतं. जवळच्या वाटेने चपला घालून जायचं, बोलायचं, हसायचं. तुम्ही दाऊंना गार करून परत आणून बसवलंत. पंपाला जायची मागची वाट लांबची, दगडांची. संगीताला आठव्या महिन्यात ती झेपत नाही, म्हणून ही पुढच्या वाटेने जाते, पुरुष बसलेल्या मांडवाच्या बाहेरून, चपला हातात घेऊन, भर दुपारी. आणि मीच सांगितलं ना तुम्हाला, सवड दुपारीच होते! कुणाला विचारलं मी? माझी जीभ झडली होती का विचारायला?" त्यांनी स्वतःच्या तोंडावर दोन बोटं मारून घेतली. मला रडू यायला लागलं.

"फोटो काढ," बाई म्हणाल्या.

"आता? छापून झालंय बाई."

"दाऊ संगीताचे चुलत सासरे आहेत. तिघींच्याही घरचे समोर बसणार. त्यांच्यासमोर हे उभं करणारेस?"

"ॲनाला सांगूया."

"सांग. काय करेल ती?"

मला माहीत होतं काय करेल ते. खुर्च्या गोल मांडेल, सगळ्यांनी मोकळेपणाने बोला म्हणेल. मनाने चांगली बाई, अगदी मनापासून करेल.

"ती मंगळवारी विमानात बसेल," बाई म्हणाल्या. "संगीता कुठे बसेल?"

मी बोर्डकडे बघितलं. परीक्षक, केनिया, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि मी म्हटलं, "अगदी जवळून बघितल्याशिवाय ओळखू यायच्या नाहीत कोणाला." हे मी म्हटलं. मीच.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली, माझ्या बुटांकडे बघितलं. मग बोर्ड माझ्या हातातून घेतला, मांडीवर आडवा ठेवला आणि अंगठ्याच्या नखाने फोटोचा कोपरा उचकटायला लागल्या. गोंद पक्का होता. पट्ट्या पट्ट्या निघत होत्या, एकेक पट्टी त्या चुरगळून पर्समध्ये टाकत होत्या. टहरौली मागे पडली तरी नखाचा आवाज चालूच होता. बसमधले बाकीचे गाणी म्हणत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

चबुतऱ्यापाशी गाव जमलं. मांडवात पुरुष, मागे उन्हात पदर ओढून बायका. संगीता एका भिंतीला टेकून उभी होती, पायांच्या पट्ट्या मातीने मळलेल्या. बोर्ड उभा केला. मधोमध पांढरा, खरवडलेला चौकोन. ॲनाचा चेहरा उतरला. तिने मला विचारलं, "हे काय झालं?" मी बोर्डाची कड सरळ करत राहिले.

"आय रिमूव्ह," बाई पुढे येऊन म्हणाल्या. "राँग फोटो."

"का?"

बाईंनी तिला हाताने थांबवलं आणि दाऊंकडे वळल्या. पदर सारखा केला. सगळं गाव ऐकत होतं. "दाऊ, गलती मोरी है." मग पुढचं हिंदी-बुंदेलीत, सावकाश, प्रत्येकाला कळेल असं. या मुलांना बायकांनी मागच्या वाटेवर सावली मागितली होती, म्हातारपणामुळे माझ्या ऐकण्यात चूक झाली, मी यांना पुढची वाट सांगितली. बिचाऱ्यांनी सगळं काम माझ्या शब्दावर केलं. हा मांडव इथला नाही, मागच्या वाटेचा आहे.

बायकांनी असलं काहीही मागितलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. जिने ऐकलेला शब्द कधी बदलून सांगितला नाही ती बाई सगळ्या गावासमोर खोटं बोलत होती, आणि त्यात एकाही सुनेचं नाव येत नव्हतं. मी दाऊंकडे बघत होते. पडद्यांवर पाणी ठिबकत होतं, दाऊंच्या मागे मंडळींची कुजबुज सुरू झाली होती. एकजण मोठ्याने म्हणाला, "अब तो लग गओ. लगो रन दो." लागलाय तर राहू दे.

"रहने देंगे तो बैनजी की नाक कटेगी," बाई म्हणाल्या. "इतने साल में आपसे कुछ माँगा नहीं, दाऊ."

दाऊंनी तंबाखूची डबी उघडली, बंद केली. त्यांचा धाकटा नातू बाईंच्याच हातावर जन्मलेला. मग दाऊ गुडघ्यांवर हात देऊन उठले. "बैनजी की बात है तो उठा लेओ," म्हणाले आणि मांडवातून बाहेर उन्हात आले. मागोमाग बाकीचे. मुलांनी लगेच दोर सोडायला घेतले. मी भिंतीकडे बघितलं. संगीताने पदर आणखी खाली ओढला होता, त्यामुळे मला तिचं तोंड काही दिसलं नाही.

ॲना मला शाळेच्या कोपऱ्यात घेऊन गेली. "तीन आठवड्यांची सगळी माहिती त्यांच्या तोंडून आली आहे. तुला त्यांची भाषा कळते. त्यांनी खरंच चुकीचं भाषांतर केलं का?"

एका वाक्याचं काम होतं. नाही, भाषांतर चुकलं नाही, दुपारच्या पाण्याचं उत्तर तेवढं त्यांनी स्वतःच्या मनाने दिलं, आणि बाकीचं सगळं माझ्या फोटोत होतं, मलाच दिसलं नाही. संगीताचं नाव न घेता हे सांगता आलं असतं. ॲना समजून घेणारी होती. मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही."

परीक्षकांना आमचं काम फार आवडलं. चूक कबूल करून त्याच दिवशी मांडव हलवणारा गट त्यांनी पहिल्यांदा पाहिला, असं ते म्हणाले. आम्ही केनियाला गेलो. बाईंचं नाव यादीतून निघालं, अहवालात तो शेरा आला. पासपोर्ट त्यांच्या हातात नंतरच्या आठवड्यात पडला. मला आईकडून कळलं, फडताळात रेशनकार्डाखाली ठेवून दिलाय म्हणून. मी केनियाहून परत येईपर्यंत त्यांच्या नाशिकच्या मुलाने त्यांना आपल्याकडे नेलं होतं. जाण्याआधी बाई एकदा त्या गावाला जाऊन आल्या होत्या. मला फोनवर एवढंच म्हणाल्या, "तळवे भरले तिचे. मुलगी झाली. चबुतरा दुपारी मोकळा असतो." अहवालाचं त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही तो विषय काढवला नाही.

तेव्हा मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या उद्घाटनाच्याच दिवशी. बांबू मागच्या वाटेवर रोवून होईपर्यंत एक वाजला, उन्हाचा नियम त्या दिवशी सगळ्यांनीच मोडला. दाऊ आणि दोघे-तिघे काम बघायला पुन्हा चबुतऱ्याशी येऊन उभे होते, डोक्यावर पंचे टाकून. आम्ही सगळे बूट घालून त्यांच्यासमोरून बसकडे गेलो. बाई सर्वांत मागे होत्या. मी बसच्या पायरीवरून बघितलं. चबुतरा जवळ आला तशा त्या वाकल्या, चपला काढल्या, डाव्या हातात घेतल्या. जमीन तव्यासारखी तापली होती. भरभर चालल्या असत्या तर कोणी काही म्हटलं नसतं, पण बाई नेहमीच्याच चालीने आल्या. दाऊंना मान लववली. दाऊंनीही हात जोडले.

बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या आणि पाय साडीत घेऊन सीटवर मांडी घातली. बस सुटली. मला माफी मागायची होती. बाहेर पडलं ते एवढंच.

"बाई, पाय दाखवा."

त्यांनी साडीचा काठ आणखी घट्ट ओढून घेतला.

"काही नाही गं," बाई म्हणाल्या, "निखाऱ्यावर पाय पडला."